हृदयाचा वॉल अरुंद झालाय म्हणजे काय?
आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी

टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट काउंटरवर ठेवून बरेच जण हाच प्रश्न विचारतात. गर्दीत नीट बोलणं होत नाही, म्हणून हा कागद.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मायट्रल नावाची दोन पाकळ्यांची झडप, म्हणजेच वॉल, असते. ती पूर्ण उघडली की ४ ते ६ चौरस सेंटीमीटरची वाट मिळते. ही वाट दीडवर किंवा त्याखाली आली की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. मग आधी जिना चढताना दम लागतो, पुढे उताणं झोपलं तरी. मूळ बहुतेक वेळा लहानपणच्या घसादुखीत असतं. त्यातून संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजतात, बरेही होतात. पाकळ्यांच्या कडा मात्र वर्षानुवर्षं एकमेकींना चिकटत जातात. बायकांमध्ये हे जास्त. कितीदा तरी पहिल्या बाळंतपणातच उघडकीस येतं, कारण तेव्हा अंगातलं रक्त वाढतं.

दर २१ दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन बंद करणारे आम्ही फार पाहतो. औषध दाट, सुई अडते, कंबर दोन दिवस ठणकते, सगळं कबूल. त्याने वॉल उघडतही नाही. पण पुन्हा तसा ताप येऊन तो आणखी बिघडू नये, यासाठीच ते असतं. झडपेवर परिणाम झाला असेल तर किमान १० वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, जे लांब पडेल तोवर. रिअ‍ॅक्शनची भीती असते, म्हणून दवाखान्यातच घ्या आणि अर्धा तास तिथेच बसा. वॉल फारच अरुंद असेल तर इंजेक्शन की गोळ्या, हे डॉक्टरांना विचारा.

ठोके अनियमित झाले की हृदयात गुठळी होऊ शकते. त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी. ‘सोम-बुध-शुक्र एक, बाकी दिवस अर्धी’ असा डोस असेल तर कॅलेंडरवर खूण करा. चुकली तर त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा तपासणीतला आकडा, बहुतेकांचा २ ते ३ मध्ये लागतो. पालक-मेथी सोडू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. अंगदुखीची गोळी मागताना ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, आम्ही विचारायला विसरलो तरी. दात काढण्यापूर्वी डेंटिस्टलाही सांगा. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ही गोळी गर्भाला बाधू शकते.

झडप फार कडक झालेली नसेल, गळत नसेल, तर फुग्याने उघडता येते. जांघेतल्या शिरेतून नेलेला फुगा झडपेत डमरूसारखा मधे आवळलेला दिसतो. आणखी फुगवला की चिकटलेल्या कडा सुटतात. जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांची ही युक्ती. नाहीतर ऑपरेशन करून झडप बदलतात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, किंवा खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर आमच्याकडे येऊ नका. १०८ लावा.