लवकर येणारं काहीतरी

हॉस्पिसच्या बागेत माझा तो पहिलाच शनिवार होता, मे संपत आलेला, आणि मी कोपऱ्यात लिंबाचं कलम लावत होते. व्हरांड्यात व्हीलचेअरवर बसलेल्या एक आजी बराच वेळ बघत होत्या, मग त्यांनी विचारलं, "पोरी, याला लिंबं कधी धरतील गं?" मी मातीतून मान वर न करताच सांगितलं, "आजी, दोनतीन वर्षं तरी लागतील." बोलून गेल्यावर लक्षात आलं की माणसं शेवटचे दिवस काढायला येतात त्या जागी बसून आपण काय बोललो. आजी रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "मग मला लवकर येणारं कायतरी दाखव."

त्या एका वाक्याने आमच्या बागेचं सगळं प्लॅनिंग बदललं. कुठलं रोप किती वेळात काय करतं हे मी तेव्हापासून वाचायला लागले आणि त्यातून जे कळत गेलं ते इथे लिहितेय.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले, रात्रभर भिजवलेली मेथी डब्याच्या झाकणात ओल्या कापसावर पसरून आजींच्या खाटेशेजारच्या खिडकीत ठेवली. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे आतला सगळा कारभार जवळपास बंद असतो. भिजवला की दाणा आधी नुसता पाणी शोषून फुगतो, यात जिवंतपणाचा काही संबंध नाही, मेलेला दाणासुद्धा तसाच फुगतो. फरक पडतो त्याच्या पुढे, जिवंत दाण्यात काही तासांत श्वसन सुरू होतं, साठवलेलं अन्न फोडणारी एन्झाइम्स कामाला लागतात आणि पुण्याच्या त्या उकाड्यात दीडदोन दिवसांत मोड बाहेर येतो. भिजवलेली मेथी बोटाला बुळबुळीत लागते ना, तो पदार्थ म्हणजे गॅलॅक्टोमॅनन, तो कोंबाभोवती पाणी धरून ठेवतो आणि पुढे तोच फुटून त्याची साखर होते, म्हणजे पाण्याचा माठ आणि शिदोरी दोन्ही त्याच्यातच. पाचव्या दिवशी हिरवी पानं वर आली, आजींनी स्वतः कात्री मागून घेऊन कापली आणि सुनेला सांगितलं, शिजताना वरणात घाल. त्यांना तेव्हा दोनतीन चमच्यांच्या वर जात नव्हतं, पण अख्ख्या वॉर्डाला माहीत होतं की आजच्या वरणातली मेथी आजींची आहे.

हॉस्पिस म्हणजे नक्की काय हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगते. आजार बरा करायचे उपाय जिथे संपलेत किंवा पेशंटनेच थांबवलेत, तिथे दुखणं, धाप, मळमळ, झोप, भीती या सगळ्याची काळजी घेणारी जागा, घरच्यांना धरून. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी केली, आपल्याकडे वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून आहे. मी जाते ती जागा लहानशी आहे. बागेत आम्ही सातआठ जण, बँकेतून रिटायर झालेले एक काका, कॉलेजच्या दोन मुली, शाळेत शिकवणाऱ्या एक ताई, आणि गावची शेती सोडून शहरात आलेले एक मामा ज्यांना सगळी नक्षत्रं तोंडपाठ. मामांचं म्हणणं, रोहिणीत माती तयार ठेवा पण मृग बरसल्याशिवाय बी टाकू नका. ते बरोबरच आहे, पहिल्या चुकार सरीवर बी रुजतं आणि मग आठ दिवस उघडीप पडली की कोवळं मूळ वाळून जातं.

मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा सिस्टरने सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, मातीच्या वासासाठी. तो वास मुख्यतः जिओस्मिन नावाच्या रेणूचा, आणि तो बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. थेंब कोरड्या मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वासाचे कण हवेत उडतात, अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी २०१५ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे टिपलंय. आपलं नाक या वासाला इतकं तिखट आहे की एक लाख कोटी भागांत पाचदहा भाग असले तरी ओळखतं. केमोनंतर बऱ्याच जणांची चव आणि वास बिघडलेला असतो, पण त्या दिवशी दोनतीन जण तरी "वास आला" म्हणाले. आणि मला स्वतःला फार जवळची वाटलेली गोष्ट ही, की केमोमध्ये देतात ते लाल रंगाचं इंजेक्शन, डॉक्सोरुबिसिन, तेसुद्धा स्ट्रेप्टोमायसिसच्याच एका जातीपासून मिळालेलं औषध आहे, म्हणजे वॉर्डातल्या कित्येकांच्या शिरेतून ज्या जिवाणूंच्या कुळातलं औषध गेलं त्याच कुळाचा वास खिडकीतून येत होता.

वासाबद्दल एक इशारा इथेच देऊन ठेवते. रातराणी आम्ही काढून टाकली. मळमळ असणाऱ्या माणसाला बंद खोलीत रातराणीचा वास म्हणजे शिक्षा आहे, कितीही आवडती असली तरी. वॉर्डाच्या खिडकीखाली तीव्र वासाचं काही लावायचं नाही हा आमचा नियम आहे.

मेथीनंतर आम्ही एक वही केली. त्यात रोपाच्या नावापुढे उंची, खत वगैरे न लिहिता किती वेळात काय दिसतं एवढंच लिहायचं. त्या वहीतली सगळ्यात लाडकी पानं घड्याळवाल्या फुलांची. ऑफिसटाइम सकाळी नऊदहाला उमलतं, त्याला ऊन आणि ऊब दोन्ही लागतात, त्यामुळे आषाढात ढग दाटले की ते तोंड मिटूनच बसतं. गुलबक्षी चारपाचच्या चहाला उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटते. प्राजक्त अंधार पडल्यावर. आणि ज्याला आपण सगळे ब्रह्मकमळ म्हणतो ते रात्री नऊच्या पुढे उघडायला लागतं आणि उजाडायच्या आत मान टाकतं, ते खरं तर मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड, हिमालयातलं ब्रह्मकमळ पूर्ण वेगळं. ज्या दिवशी कळी फुगून मान वर करते त्या दिवशी आम्ही संध्याकाळीच ती कुंडी वॉर्डात नेऊन ठेवतो. मागच्या श्रावणात नाइट ड्यूटीच्या सिस्टर, दोन मावशी, तीन पेशंट आणि त्यांच्यापैकी एकाचा दहावीतला मुलगा साडेअकरापर्यंत त्या एका फुलाभोवती बसले होते.

रोपांना वेळ कळते कशी? १७२९ मध्ये दे मेरां नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने एक रोप, ते लाजाळूचं होतं असं मानतात, अंधाऱ्या जागी ठेवून बघितलं, तर उजेड नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती, म्हणजे घड्याळ सूर्यात नव्हतं, रोपाच्या आत होतं. आत ते कसं चालतं हे कळायला अडीचशे वर्षं लागली. एखाद्या जीनवरून प्रोटीन बनत जातं, पुरेसं साठलं की तेच प्रोटीन आपल्या जीनला थांबवतं, मग ते विरून जातं आणि पुन्हा बनायला लागतं, आणि या एका फेऱ्याला साधारण चोवीस तास लागतात. फळमाशीमध्ये हे उलगडणाऱ्या हॉल, रोझबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. झाडांचे जीन वेगळे आहेत, फेऱ्याची रीत तीच.

असंच घड्याळ आपल्या मेंदूतही आहे, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरासं वर, वीसेक हजार पेशींचा एवढासा पुंजका, आणि ते रोज मिळवून घ्यावं लागतं उजेडाशी. हॉस्पिसमध्ये हे फार महत्त्वाचं होतं, कारण शेवटच्या दिवसांत पुष्कळ पेशंटना डिलिरियम होतो, दिवस की रात्र ते कळेनासं होतं, माणसं ओळखू येत नाहीत, घरचे घाबरून जातात. औषधं असतातच, पण त्याच्याबरोबर दिवसा भरपूर उजेड, रात्री अंधार आणि शांतता, समोर घड्याळ आणि कॅलेंडर हेही उपचारच धरतात. वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली काहीशे लक्स उजेड असतो आणि भर पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी बाहेर काही हजार, आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही पण त्या पुंजक्याला जाणवतो. म्हणून खाट जाते तिथपर्यंत व्हरांडा मोकळा ठेवायचा आणि कुंड्या खाटेच्या उंचीवर, हे आम्ही हट्टाने करून घेतलं. खिडकीतून झाड दिसण्यावरचा रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास सगळीकडे सांगतात, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या २३ जोड्या, झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले आणि विटांची भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. मला तो अभ्यास आवडतो पण आमच्या बागेसाठी मी तो पुढे करत नाही, कारण तो लहान आहे आणि मुख्य म्हणजे घरी लवकर जाणं हे आमच्याकडचं मोजमापच नाही.

प्राजक्ताचं सांगायचं तर त्याने सगळ्यात जास्त साथ दिली ती झोप न येणाऱ्यांना. रात्री उमलणारी फुलं बहुतेक पांढरी आणि वासाची असतात कारण गिऱ्हाईक म्हणजे पतंग, त्यांना अंधारात लाल निळं दाखवून उपयोग नाही. पहाटे देठाशी पेशींचा एक थर सुटतो आणि फूल अख्खं खाली येतं. एक काकू पहाटे चारपासून जाग्या असायच्या, त्यांच्यासाठी सिस्टर झाडाखाली धुतलेली चादर अंथरायच्या आणि सहाला ती चारी टोकं धरून आत आणायच्या. काकू देठं वेगळी करत बसायच्या. तो केशरी रंग म्हणजे केशरात असतो त्याच जातीचं रंगद्रव्य, पूर्वी त्याने कापड रंगवायचे, काकूंनी आपला एक रुमाल रंगवला.

भाद्रपदात तेरडा. "तेरड्याचा रंग तीन दिवस" हे आपण नाव ठेवायलाच म्हणतो, आणि एक फूल टिकतं थोडेच दिवस हे खरंही आहे, पण झाड कित्येक आठवडे फुलत राहतं. आम्ही जूनपासून दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं बी टाकतो, म्हणजे कुठली ना कुठली कुंडी कळीवर असतेच आणि तीच वॉर्डात जाते. गौरी आल्या की घरी न जाऊ शकणाऱ्या बायका त्यातलीच फांदी मागून घेतात. फुलांपेक्षाही गंमत शेंगांची. पिकलेल्या शेंगेच्या पाची पाकळ्या पाण्याच्या दाबाने ताणलेल्या स्प्रिंगसारख्या असतात, जरा बोट लागलं की काही मिलिसेकंदांत वळतात आणि बिया भिरकावतात. त्याला लागणारी सगळी ताकद झाडाने आधीच साठवून ठेवलेली असते, माणसाने फक्त हात लावायचा. पेला धरता येत नाही अशा हातालाही शेंग फोडता येते.

कामाच्या दोन गोष्टी. मातीत आणि कंपोस्टमध्ये ॲस्परजिलससारख्या बुरशा असतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी फार कमी असलेल्या किंवा उघडी जखम असलेल्या पेशंटना आम्ही माती हाताळायला देत नाही, कोण येऊ शकतं ते सिस्टर ठरवतात, आणि कुंड्या उकरायचं काम वॉर्डापासून लांब. दुसरं, कुंडीखालच्या ताटल्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठदहा दिवस पुरतात, म्हणून दर शनिवारी प्रत्येक ताटली रिकामी करून घासायची, नुसतं पाणी ओतून चालत नाही कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

दसरा आला आणि शेवंतीला एक कळी नाही. बारा कुंड्या, गेटजवळच्या वाटेवर, पानं हिरवीगार, आम्ही खत देऊन बघितलं, शेंडे खुडून झाले होतेच. तेव्हा वॉर्डात सासवडकडचे एक शेतकरी काका होते, आयुष्यभर शेवंती केलेले. त्यांना व्हीलचेअरवरून फिरवताना त्यांनी कुंड्यांकडे बघितलं, मग वर त्या नव्या एलईडी फ्लडलाइटकडे, आणि म्हणाले, "ताई, हा दिवा रात्रभर असतो का? मग कशी फुलेल ती, तिला रात्रच मिळत नाही."

त्यांना हे अनुभवाने माहीत होतं. दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरतं हे गार्नर आणि ॲलर्ड यांनी १९२० मध्ये तंबाखूवर दाखवलं, आणि १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांना एका तणावर प्रयोग करताना कळलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं. पानातलं फायटोक्रोम नावाचं प्रोटीन उजेडात एका रूपात असतं आणि अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपात परत जातं, मध्येच दिवा लागला की ते पुन्हा पहिल्या रूपात आणि मोजणी बिघडते. पुण्यात जूनमधला मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला लहान अकरा तासांचा, फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, तेवढ्यावर शेवंतीचं सगळं वर्ष चालतं.

सहा कुंड्या त्याच दिवशी किचनच्या मागच्या अंधाऱ्या बोळात नेल्या, सहा मुद्दाम गेटपाशीच ठेवल्या. काका रोज विचारायचे. दिवाळीच्या आसपास मागच्या कुंड्यांवर वाटाण्याएवढ्या कळ्या आल्या तेव्हा मामांनी एक कुंडी उचलून त्यांच्या खाटेपाशी नेली, काकांनी कळ्या बोटाने मोजल्या, एकोणीस, आणि म्हणाले तीन आठवडे अजून, रात्री परत मागं ठेवा हिला. ते त्याच आठवड्यात गेले.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पिवळी शेवंती पूर्ण उमलली होती, गेटजवळच्या सहा कुंड्या तशाच नुसत्या पानांच्या. त्या दिवशी काकांच्या मंडळी एअरबेड परत द्यायला आल्या होत्या. मामांनी फुलं कापून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांना दिली, त्यांनी देठ बघितले आणि विचारलं, "दिव्यापासून लांब ठेवलेलीच का ही?"