चष्मा लागला की पायलट होता येत नाही, हे नाशिकात आलं कुठून?

मार्चअखेरीस पिंपळगाव बसवंतला एका ओळखीच्या घरी गेलो होतो. मुलीची दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. गणितात हुशार, पाचवीपासून पायलट व्हायचं म्हणणारी. जानेवारीत तिला चष्मा लागला, दोन्ही डोळ्यांना उणे दीड, आणि घरात तो विषयच बंद झाला. वडील म्हणाले, "चष्मा लागला ना, आता कसलं पायलट!" मुलगी काही बोलली नाही, शेडमध्ये द्राक्षाचे क्रेट रचत राहिली. मला ते फार लागलं. वडिलांचं म्हणणं चुकीचं होतं, पण ते मनचं बोलत नव्हते. त्यांनी जे ऐकलं होतं ते एका ठिकाणी, एका नोकरीसाठी खरंच होतं.

नाशिककरांनी वैमानिक पाहिला तो फौजी. 1964 साली ओझरला एचएएलचा, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा, कारखाना आला तो मिग-21 बनवायला. पुढे तिथंच सुखोई-30 तयार होऊ लागली. इकडे गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराची हेलिकॉप्टरं, आणि 2003 पासून लष्करी वैमानिकांना लढाऊ उड्डाण शिकवणारी शाळा. भोसला मिलिटरी स्कूल तर 1937 पासूनचं. प्रवासी विमानासाठी मात्र मुंबई गाठायची. ओझरला प्रवासी टर्मिनल झालं ते 2014 मध्ये, आणि विमानसेवेची घडी बसायला त्यानंतरही काही वर्षं गेली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं इथल्या पोरांनी मान वर केली की दिसायचं ते लढाऊ विमान. जानोरी-ओझरच्या शाळांत विमान डोक्यावरून गेलं की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आवाज ओसरेपर्यंत बाई खडू हातात धरून थांबायच्या. त्या आवाजाबरोबर हवाई दलाचे नियमही घराघरांत शिरले, आणि पायलट म्हटलं की तेच नियम, असं पक्कं होऊन बसलं.

उंचीचंच घ्या. हवाई दलाच्या वैमानिकासाठी वर्षानुवर्षं किमान 162.5 सेंटिमीटर उंची लागत आली. शिवाय बसल्यावरची उंची, पायाची लांबी, मांडीची लांबीही मोजतात. कारण इजेक्शन सीट. विमान सोडायची वेळ आली तर खुर्ची वैमानिकासकट वर फेकली जाते. मांडी ठरावीक मापापेक्षा लांब असेल तर गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटून मोडतील. प्रवासी विमानात अशी खुर्चीच नसते. तिथली खुर्ची पुढे-मागे, वर-खाली सरकते. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमानांचे नियम पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या, लायसन्ससाठी उंचीचा ठरावीक आकडा नाही, हातपाय सगळ्या कंट्रोलपर्यंत नीट पोचले पाहिजेत.

चष्म्याचंही तसंच. लढाऊ विमानात हेल्मेट, ऑक्सिजन मास्क आणि वळणावर शरीरावर अनेक पटींनी वाढणारं वजन, त्यामुळं तिथले डोळ्यांचे नियम आजही कडक आहेत. नागरी वैमानिकाच्या क्लास वन मेडिकलमध्ये, म्हणजे पगारी वैमानिकाला लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीत, प्रश्न वेगळा असतो: चष्मा लावून पुरेसं दिसतं का? दिसत असेल तर लायसन्स मिळतं. त्यावर चष्मा वापरण्याची अट लिहिलेली असते आणि जवळ जास्तीचा चष्मा ठेवावा लागतो. रंग ओळखण्याची चाचणी मात्र दोन्हीकडे आहे, आणि तिला कारण आहे. रेडिओ बंद पडला तर कंट्रोल टॉवर लाल-हिरव्या दिव्यानं खुणा करतो.

हवाई दलातून निवृत्त झालेलेच एअरलाइनमध्ये जातात, हाही समज इकडे घट्ट आहे. त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडतं. युद्ध संपल्यावर सैन्याची डकोटा वाहतूक विमानं स्वस्तात विकायला निघाली, नव्या विमान कंपन्या उभ्या राहिल्या आणि युद्धात उडालेले वैमानिक त्यांना आयते मिळाले. पण नागरी वैमानिकांची दुसरी वाट त्याहून जुनी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 चा. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातलं पहिलं वैमानिक लायसन्स मिळालं ते क्लबात शिकूनच, आणि 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले. तोच क्लब आज धुळ्याला विमान शिकवतो. शिरपूरलाही प्रशिक्षण संस्था आहे. म्हणजे नाशिकच्या मुलाला ही वाट महामार्गावर तीनेक तासांत सापडते.

शिक्षणाच्या अटीत तर पिढीगणिक फरक पडला. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत कमर्शियल लायसन्सला दहावी पुरायची. मग बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं अशी अट आली. ज्यांनी कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलं त्यांनी ते दोन विषय मुक्त विद्यालयातून काढले. ही अट सैल करावी अशी चर्चा 2025 मध्ये सुरू झाली. पदवी मात्र लायसन्सला लागत नाही. तरीही विमान चालवायला इंजिनिअरिंग हवं, असं सांगणारे काका प्रत्येक घरात भेटतात.

मराठी माध्यमाची मुलं सर्वांत जास्त घाबरतात ती इंग्रजीला, म्हणून याबद्दल जरा सविस्तर. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली. दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग आणि दिल्लीकडे येणारं कझाकस्तानचं विमान. 349 माणसं गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं, आणि वैमानिकांचं इंग्रजी कच्चं असणं हेही एक कारण निघालं. अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं भाषेची परीक्षा आणली. 2008 पासून सहापैकी किमान चौथी पातळी लागते. ही पातळी इंग्रजीत भाषण ठोकण्याची नव्हे. ऐकलेली सूचना अचूक समजणं, ती तशीच परत म्हणणं आणि अडचण साध्या वाक्यात सांगणं इतकंच ती तपासते. मराठी उच्चार चालतो, अर्थ निसटलेला चालत नाही. सहा महिने रोज ऐकून-बोलून हे जमतं, मी ते होताना पाहिलं आहे.

ऑटोपायलटमुळं वैमानिकाला काम उरलं नाही, हे म्हणणं शंभर वर्षांपूर्वीचं आहे. 1914 मध्ये पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरीनं विमान आपोआप सरळ ठेवणाऱ्या यंत्राच्या भरवशावर उडत्या विमानात दोन्ही हात वर करून दाखवले होते. त्यानंतर कॉकपिटमधून नॅव्हिगेटर गेला, रेडिओवाला गेला, ऐंशीच्या दशकात फ्लाइट इंजिनिअरही जाऊ लागला. त्या सगळ्यांची जबाबदारी उरलेल्या दोघांवर आली.

एक समज मात्र भाबडा आणि महागडा आहे: लायसन्स हाती आलं की नोकरी पक्की. 1953 च्या राष्ट्रीयीकरणानंतर एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोनच मोठ्या मालक होत्या, आणि तिथं लागलेला माणूस निवृत्तीपर्यंत टिकायचा. तेव्हाची ती सरकारी नोकरीची खात्री आजही घरांत बोलली जाते. 1994 नंतर खासगी कंपन्यांना रान मोकळं झालं, पण किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिकच रांगेत पुढे आले आणि जेमतेम 200 तास उडालेले नवशिके मागे पडले. लायसन्सपर्यंतचा खर्च आज 50 लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जातो, टाइप रेटिंगचा, म्हणजे एखादं विशिष्ट विमान चालवायच्या खास प्रशिक्षणाचा, वेगळा. बाग गहाण ठेवण्याआधी बापानं हे ऐकलंच पाहिजे.

मुलींनी काय करायचं, असंही त्या घरात कुणीतरी विचारलं. 1985 मध्ये सौदामिनी देशमुख यांच्या कप्तानीखाली फक्त महिला वैमानिकांचं विमान कोलकात्याहून सिलचरला गेलं होतं, एवढंच मी सांगितलं.

मग वडिलांना म्हटलं, फीचा विचार नंतर. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल, म्हणजे पहिल्या पायरीची तपासणी, करून घ्या, क्लास वनचं पाऊल त्यानंतर. त्यांनी मोबाइलमध्ये ते लिहून घेतलं. मुलगी क्रेट ठेवून आत आली, चष्मा ओढणीनं पुसला आणि विचारलं, "मेडिकलला चष्मा घालूनच जायचं ना?"