लिनक्स इन्स्टॉल करताना येणाऱ्या पार्टिशनच्या अडचणी

इन्स्टॉलरला डिस्कच न दिसणे, मोकळी जागा 'वापरता न येणारी' म्हणून दिसणे, विंडोजचे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) लहान न होणे, किंवा इन्स्टॉलेशन व्यवस्थित पार पडूनही संगणक लिनक्समध्ये सुरू न होणे, या सगळ्या तक्रारी पार्टिशनच्या अडचणी म्हणून ओळखल्या जातात. बिघाड मात्र दरवेळी पार्टिशनमध्ये असतोच असे नाही. त्याचे मूळ बरेचदा फर्मवेअरच्या (संगणक सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) एखाद्या सेटिंगमध्ये असते, नाहीतर विंडोजने डिस्क ज्या अवस्थेत सोडली आहे तिच्यात. म्हणून इन्स्टॉलर अडला की पहिले काम डिस्कची सद्यस्थिती वाचण्याचे. लाइव्ह सेशनमध्ये (पेन ड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्समध्ये) जीपार्टेड हे पार्टिशनचे साधन उघडले, किंवा टर्मिनलवर 'एलएसबीएलके -एफ' (lsblk -f) ही आज्ञा दिली, की डिस्क, पार्टिशन आणि त्यांवरच्या फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती) समोर येतात, आणि या पाहणीत डिस्कवर काहीही लिहिले जात नाही.

पार्टिशनची यादी ज्या तक्त्यात असते त्याचे दोन प्रकार आज भेटतात. जुना एमबीआर तक्ता १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आला. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये त्याला ६४ बाइट मिळतात, प्रत्येक नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी चारच. सेक्टरचे क्रमांक ३२ बिटांत बसवायचे असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरवर सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढची जागा त्याला हाताळता येत नाही. जुन्या लॅपटॉपवर हमखास दिसणारे चित्र असे: विंडोजच्या सुरुवातीचे छोटे पार्टिशन, मग सी ड्राइव्ह, मग रिकव्हरी, मग उत्पादकाच्या साधनांचे पार्टिशन. चारही नोंदी भरलेल्या. आता सी ड्राइव्ह कमी करून ८० जीबी मोकळे केले, तरी इन्स्टॉलर त्या जागेला हात लावत नाही, कारण तिची नोंद करायला तक्त्यात ओळच उरलेली नसते. येथे एखाद्या पार्टिशनवर पाणी सोडावे लागते. त्यातल्या फाइलींची प्रत आधी काढून ते हटवायचे आणि मोकळ्या जागेत एक्स्टेंडेड पार्टिशन करायचे. त्याच्या पोटात हवी तेवढी लॉजिकल पार्टिशन बसतात आणि लिनक्स त्यांना ५ पासून पुढचे क्रमांक देते. हटवलेले पार्टिशन मोकळ्या जागेला लागून असण्याची गरज नाही. मोकळी व्हायला हवी ती तक्त्यातली एक नोंद.

नव्या जीपीटी तक्त्यात साधारणपणे १२८ नोंदींची सोय असते आणि त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. लहान डिस्कची जशीच्या तशी नक्कल मोठ्या डिस्कवर उतरवली की ही प्रत मध्येच कुठेतरी राहते. मग पार्टेड हा टर्मिनलवरचा प्रोग्राम दुरुस्तीची परवानगी मागतो, आणि ती द्यायला हरकत नसते. एमबीआरवरून जीपीटीवर जाण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. मात्र त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या डिस्कवर ते आहे त्या स्थितीत चालणार नाही.

सर्वात जास्त वेळ खाणारी चूक सुरू होण्याच्या पद्धतीची असते. विंडोज यूईएफआय या नव्या फर्मवेअर पद्धतीने बसवलेले आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू केलेला, असे झाले की इन्स्टॉलर वेगळ्याच बूटलोडरची (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) तयारी करतो. लाइव्ह सेशनमध्ये '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' (/sys/firmware/efi) हे फोल्डर आहे का, एवढे पाहिले की शंका मिटते: ते असेल तर यूईएफआय, नसेल तर बायोस. यूईएफआयला फॅट३२ मधले ईएफआय सिस्टिम पार्टिशन लागते. विंडोजने ते आधीच केलेले असते आणि लिनक्सने तेच वापरायचे असते. मॅन्युअल मांडणी करताना त्याच्यापुढची 'फॉरमॅट'ची खूण काढलेली आहे ना, हे दोनदा पाहावे, कारण ती राहिली तर विंडोजचा बूटलोडर पुसला जातो. उलट, बायोस पद्धतीने जीपीटी डिस्कवर ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर बसवायचा असेल तर १ एमबीचे, कोणतीही फाइल सिस्टिम नसलेले बायोस बूट पार्टिशन करावे लागते. ते नसले की ग्रब बसवण्याचा टप्पा फसतो.

डिस्क अजिबात दिसत नसेल तर इंटेलचे आरएसटी किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याचे) मोड तपासावे. फर्मवेअरमध्ये ते बदलून एएचसीआय हे डिस्क वापरण्याचे साधे मोड केले की डिस्क दिसू लागते. पण हा बदल थेट केला तर विंडोज सुरू होईनासे होते. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असे ठरवावे, मग फर्मवेअर बदलावे, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू करावे आणि नंतर ती सेटिंग काढून टाकावी. बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल तर या सगळ्याच्या आधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी हवी.

विंडोजचे पार्टिशन लहान करायचे ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करणे उत्तम. पेजफाइल (मेमरीला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती) आणि हायबरनेशनची फाइल जागची हलत नाही म्हणून तेथे कधीकधी अपेक्षेपेक्षा फारच कमी जागा सुटते. त्या तात्पुरत्या बंद केल्या की फरक पडतो. फास्ट स्टार्टअप ही विंडोज लवकर सुरू करण्याची सोय चालू असेल तर विंडोज बंद केल्यासारखे दिसले तरी एनटीएफएस ही तिची फाइल सिस्टिम अर्धवट अवस्थेत राहते आणि लिनक्सची साधने आकार बदलायला नकार देतात. हा नकार योग्यच आहे. तो जबरदस्तीने मोडला तर फाइली बिघडतात. डायनॅमिक डिस्क (विंडोजची स्वतःची वेगळी मांडणी असलेली) असेल तर नेहमीच्या साधनांनी तिचे पार्टिशन कमी-जास्त करण्याच्या फंदात पडू नये.

जीपार्टेडमध्ये पार्टिशनपुढे किल्लीचे चित्र दिसले तर ते वापरात आहे असे समजावे. जुने स्वॅप पार्टिशन (मेमरी अपुरी पडल्यास लिनक्स वापरते ते) लाइव्ह सेशनने परस्पर वापरायला घेतलेले असते. 'स्वॅपऑफ' (swapoff) केले की ते सुटते. पूर्वी रेडमध्ये असलेल्या डिस्कवर त्याच्या खुणा उरलेल्या असतात आणि इन्स्टॉलर बुचकळ्यात पडतो. त्या 'वाइपएफएस' (wipefs) या आज्ञेने दिसतात आणि काढताही येतात.

'नवा पार्टिशन टेबल' हे बटण दाबून बदल लागू केले की जुनी यादी जाते. तसे झालेच तर डिस्कवर आणखी काहीही न लिहिता टेस्टडिस्क चालवावे, कारण यादी गेली तरी फाइली जागेवर असतात आणि हा प्रोग्राम पार्टिशनच्या सीमा शोधून तक्ता पुन्हा उभा करू शकतो. एसएसडीवर त्या जागी नवी एक्स्ट४ ही लिनक्सची फाइल सिस्टिमही करून झाली असेल, तर आशा फारच थोडी: ती करणारा प्रोग्राम सहसा त्या पार्टिशनची सगळी जागा रिकामी झाल्याचे आधीच डिस्कला कळवून टाकतो.