शेवट खुला ठेवायचा, पण किती?

रोजच्या मालिकेचा भाग कुणाच्या तरी चेहऱ्यावर फ्रीझ होतो, ढॅण्णकन संगीत वाजतं आणि 'उद्याच्या भागात' सुरू होतं. हा खुला शेवट नव्हे, ही उधारी. उत्तर लेखकाच्या खिशात असतं आणि उद्या मिळणार असतं. खुल्या शेवटात मालिका कायमची संपते आणि उत्तर मिळतच नाही. तरीही असे काही शेवट लोक वर्षानुवर्षं चघळतात आणि काहींवर रिमोट आपटतात.

टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांचा आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा एक प्रयोग इथे फार कामाचा आहे. खऱ्या घटनेवरचा एक सुखद चित्रपट लोकांना दाखवला आणि मुख्य पात्राचं पुढे काय झालं याच्या दोन हकिगती दिल्या. खरी कोणती ते काहींना सांगितलं, काहींना नाही. ज्यांना सांगितलं नाही त्यांचा चांगला मूड जास्त वेळ टिकला. एकदा उलगडा झाला की मन त्या गोष्टीवरून उठतं, हे त्याचं कारण. गंमत अशी की नुसतं विचारलं तर लोक 'सांगून टाका' असंच म्हणतात. अर्थात हा निष्कर्ष सुखद अनुभवापुरता आहे. दोन्ही शक्यता भयाण असतील तर तीच अनिश्चितता घोर लावते.

आणि हकिगती दोनच होत्या, हे विसरू नये. कुतूहल वाढतं ते बरंच कळलेलं आणि थोडं राहिलेलं असतं तेव्हा, असं जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलं. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हाही तेच दिसलं. उत्तर अजिबात माहीत नसलं किंवा पक्कं माहीत असलं तर कुतूहल कमी. 'ओठांवर आहे, पण खात्री नाही' अशा वेळी सर्वांत जास्त.

'द सोप्रानोज' या अमेरिकी मालिकेचा शेवटचा प्रसंग (१० जून २००७) या हिशेबाने बघावा. माफिया टोळीचा म्होरक्या टोनी उपाहारगृहात बसलेला. दाराची घंटी वाजते, तो वर बघतो, पुढच्या शॉटमध्ये आत येणारा माणूस. हा क्रम इतक्या वेळा येतो की आपल्याला त्याची सवय होते. मधेच एक अनोळखी माणूस स्वच्छतागृहाकडे जातो. बाहेर टोनीची मुलगी गाडी लावायची खटपट करतेय. म्हणजे टोनी मारला जाणार की नुसती मुलगी आत येणार, अशा दोन्ही शक्यतांची पेरणी झाली. मग घंटी वाजते, टोनी वर बघतो, आणि त्याला जे दिसायला हवं तिथे काळा पडदा. सुमारे दहा सेकंद, आवाजही नाही. अनेकांना केबल गेली असंच वाटलं. लपवला तो एकच शॉट. बाकी सगळं समोर आहे.

बाकीचे खुले शेवट फसतात ते या पेरणीतच. एका शक्यतेला पुरावे भरपूर आणि दुसरीला नावापुरता एक, असं झालं की प्रेक्षक शेवट केव्हाच बंद करून मोकळा होतो. चार-पाच शक्यता उघड्या ठेवल्या तर कुठलीच धरवत नाही. आणि चॅनेलने मालिका मधेच गुंडाळली असेल तर त्याला खुला शेवट म्हणणं ही निव्वळ सारवासारव.

इंदूरकरांना हे तपासायची सोय चांगली आहे. तिथली सानंद न्यास ही संस्था एकच मराठी नाटक पाच दर्शकसमूहांसाठी पाच वेळा सादर करते. नाटक तेच, नट तेच, प्रेक्षक वेगळे. खुल्या शेवटाचं नाटक असलं की दारातच प्रत्येकाला विचारावं: हे की ते? निम्मे-निम्मे विभागले तर शेवट जमला. बहुतेक सगळे एकाच बाजूला गेले तर तो खुला नव्हताच, फक्त उच्चारला नव्हता. 'काही कळलं नाही' म्हणणारे जास्त निघाले तर पेरणी कमी पडली. मात्र हे नंतर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाताना विचारू नये. तोवर एखाद्या ठाम बोलणाऱ्या काकांनी अख्ख्या टोळक्याला आपल्या बाजूला ओढलेलं असतं.

माणसामाणसाचा स्वभावही मोजण्यासारखा आहे. 'काय ते एकदाचं ठरू दे' ही ओढ कुणात किती, हे बघायला वेबस्टर आणि क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये ४२ विधानांची प्रश्नावली दिली. घाई, गोंगाट आणि थकवा यांनी ही ओढ वाढते, असंही प्रयोगांत दिसलंय. रात्री साडेअकराला पेंगत शेवटचा भाग उरकला आणि शेवट भिकार वाटला, तर दोष लेखकाचाच असेल असं नाही.

अपुरं राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं, हा मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांचा १९२७ चा निष्कर्ष हमखास सांगितला जातो, पण पुढच्या प्रयोगांत तो तितकासा टिकला नाही. टिकला तो मारिया ओव्हसियांकिना यांचा: अडवलेलं काम माणूस संधी मिळताच पुन्हा हाती घेतो. मालिका पुन्हा लावावीशी वाटते ती त्यामुळे. तेव्हा शेवटचा शॉट मागेपुढे करत बसण्यापेक्षा आधीचे दोन-तीन भाग बघावेत. पुरावे बहुधा तिथेच पेरलेले असतात.