‘पुन्हा रक्त द्या’ म्हणले, म्हणजे नेमकं काय म्हणले?

उदगीर, निलंगा, अहमदपूरकडे रक्त दिलं की त्यातल्या काही नळ्या तपासणीला लातूरला जातात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. त्यात एक आकडा ठळक छापलेला असतो. डॉक्टर म्हणतात, “पुन्हा एकदा करून बघू,” आणि घरातल्यांचे चेहरे उतरतात. पुन्हा म्हणजे कायतरी निघालं असणार! पुष्कळदा हा हिशेब चुकीचा असतो.

रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा अशी ठरते: निरोगी माणसांचं रक्त तपासायचं, मधले ९५ टक्के आत धरायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर. म्हणजे धडधाकट माणसांतही वीसात एकाचा आकडा बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर काहीही आजार नसताना निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. स्वस्तातल्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातीत हे गणित कुणी छापत नाही.

दुसरी भानगड नळीतली. पोटॅशियम घ्या. तांबड्या पेशींच्या आत ते बाहेरच्या द्रवापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. शीर सापडेना म्हणून दंडाला पट्टा आवळून ठेवलेला, “मूठ उघडा, मिटा” चाललेलं, मग बारीक सुईतून जोरात ओढलेलं रक्त. मुठीच्या स्नायूंतून थोडं पोटॅशियम सुटतं, काही पेशी फुटतात, आणि अंगात ४.५ असलेलं पोटॅशियम कागदावर ५.८, म्हणजे मर्यादेबाहेरचं, होऊन बसतं. साखरेचं उलटं. नळीतल्या पेशी जिवंतच असतात, त्या तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज खातात. परभणीच्या मे महिन्यात तर आणखी भराभर. म्हणून साखरेला करड्या टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी लागते. काहींच्या प्लेटलेट जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. डेंगीच्या दिवसांत असा रिपोर्ट आला की घरचे हबकणारच. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की उलगडा होतो.

एवढं कळूनही जीव टांगणीला लागतोच. त्यालाही कारण आहे. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ४५ जणांना संगणकावर दगड उलटायला लावले. खाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या, तेव्हा सर्वांत जास्त ताण दिसला तो साप निघण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण त्याहून कमी होता! “काय असंल ते एकदाचं कळू द्या,” असं आपली माणसं उगाच म्हणत नाहीत.

‘विचार करू नका’ हा सल्ला म्हणूनच फुकटचा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेचा निकाल यायची चार महिने वाट बघणाऱ्यांचा अभ्यास केला. मनाची समजूत घालायच्या युक्त्यांनी त्यांची काळजी फारशी हटली नाही. स्वीनींच्याच पुढच्या कामात उपयोगी दिसलं ते भान हरपून केलेलं काम. टीव्ही समोर चालू असतो आणि डोक्यात रिपोर्ट. मोटारीचा स्टार्टर खोलून बसलं की तसं होत नाही. थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये आणखी एक उपाय मांडला: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास मनसोक्त काळजी करायची, अवेळी आली तर तिला त्या वेळेवर ढकलायचं. ऐकायला गंमत वाटते, पण करून बघण्यासारखं आहे.

त्याआधी डॉक्टरांना एक विचारा: दुसरी तपासणी पहिलीची खात्री करायला आहे, की मधल्या काळात काय बदललं ते बघायला? तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) लगेच पुन्हा करून उपयोग नसतो, कारण ती तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणायलाही बिघाड किमान तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. अशा तारखा लांबच्या असतात, त्या घाबरवायला दिलेल्या नसतात. चालू गोळ्या तोवर घ्यायच्या का, हेही तेव्हाच विचारून घ्या. पोटॅशियम पुन्हा करायला सांगितलं असेल तर मात्र सोयाबीनची रास उरकून जाऊ म्हणू नका, त्याच दिवशी रक्त द्या. छातीत धडधडत असेल किंवा हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटत असेल तर लॅबकडे न जाता थेट दवाखाना गाठा.