प्लास्टिक सौरघट: टक्केवारीच्या वादाची पार्श्वभूमी

वावरातल्या 3 एचपीच्या सौरपंपाला साधारण 3,000 वॅटची पॅनलं लागतात. 20 टक्के कार्यक्षमतेच्या, म्हणजे पडलेल्या प्रकाशाच्या तेवढ्या भागाची वीज करणाऱ्या सिलिकॉनला त्यासाठी 15 चौरस मीटर जागा पुरते, तर 5 टक्क्यांच्या प्लास्टिक घटांना 60 लागेल. धुऱ्यालगतची तेवढी जमीन अडवायची, तेवढ्याच लोखंडाचा सांगाडा उभा करायचा, तर टक्केवारी खरी किती हे आधी ठरायला हवं. या क्षेत्रात ते ठरायला बराच काळ गेला.

विजेचं वहन करणारं पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचं प्लास्टिक) 1977 चं, त्याचं नोबेल 2000 चं. दोन सेंद्रिय थरांचा सुमारे 1 टक्क्याचा घट 1986 मध्ये आला. पण आजच्या प्लास्टिक घटाची सुरुवात 1992 पासून धरणंच योग्य. तुर्कस्तानातल्या कोन्यात जन्मलेले, व्हिएन्नात शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ नियाझी सेर्दार सारिचिफ्तची तेव्हा कॅलिफोर्नियात सांता बार्बराला होते. पॉलिमरवर प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन शेजारच्या फुलरीनकडे (कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूकडे) अतिवेगाने जातो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं. 1995 मध्ये दोन्ही पदार्थ एकाच थरात मिसळले गेले. 1996 मध्ये सारिचिफ्तची ऑस्ट्रियातल्या लिंझला गेले.

लिंझमधलं 2001 चं काम नोबेलइतकं गाजलं नाही, पण कारागिरीच्या दृष्टीने तेच निर्णायक होतं. पॉलिमर आणि फुलरीन तेच ठेवून फक्त विद्रावक बदलला. टोल्युईनमध्ये 0.9 टक्क्यांवर अडकलेला घट क्लोरोबेंझीनमध्ये 2.5 टक्क्यांवर गेला. टोल्युईनमध्ये फुलरीनच्या मोठ्या गुठळ्या होतात. प्रकाशाने निर्माण झालेली उत्तेजित अवस्था जेमतेम 10 नॅनोमीटर सरकते आणि विझते. तेवढ्या अंतरात दुसऱ्या पदार्थाची सीमा लागली नाही, तर तो प्रकाश वाया जातो.

मग पॉलिथायोफीन नावाचं पॉलिमर आलं. काचेवर पारदर्शक इंडियम-टिन ऑक्साइड, त्यावर सुमारे 40 नॅनोमीटरचा वाहक पॉलिमरचा थर, त्यावर मिश्रणाचा 100 ते 200 नॅनोमीटरचा थर, वरून निर्वातात चढवलेलं ॲल्युमिनियम. शेवटी 150 अंशांवर 30 मिनिटं तापवणं. 2005 मध्ये अशा घटाला 5 टक्के मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे शेकडो शोधनिबंधांतले आकडे एकत्र मांडल्यावर सरासरी 3 टक्क्यांच्या आसपास निघाली. थोडा फरक पॉलिमरच्या शुद्धतेचा होता. पण मोजणीतला फरक दुर्लक्षित राहिला, आणि तो दुर्लक्षित राहायला नको होता.

घट 3 मिलिमीटर बाय 3 मिलिमीटरचा धरा, म्हणजे 9 चौरस मिलिमीटर. खालचा वाहक थर इलेक्ट्रोडच्या कडेबाहेरूनही विद्युतभार गोळा करतो. प्रत्येक कडेला पाव मिलिमीटर जास्तीचं मिळालं, तर खरं क्षेत्र 12.25 होतं. प्रवाह क्षेत्रफळाने भागून मांडतात; भागायचं 9 ने ठरवलं की तो 36 टक्के फुगतो आणि 3.7 टक्क्यांचा घट कागदावर 5 टक्क्यांचा होतो. यावर उपाय स्वस्त आहे: इलेक्ट्रोडपेक्षा लहान छिद्राचा अपारदर्शक पत्रा घटावर ठेवायचा आणि भागाकार छिद्राच्या क्षेत्रफळाने करायचा. छिद्र सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, ड्रिलच्या आकड्यावर विसंबायचं नाही.

दुसरी चूक दिव्याची. चाचणीत सूर्याऐवजी वापरायच्या दिव्याची तीव्रता सिलिकॉनच्या संदर्भघटाने, म्हणजे आधीच मोजून ठेवलेल्या घटाने लावतात. सिलिकॉन 1,100 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेतं, पॉलिथायोफीन 650 पर्यंतच. दिव्यात निळा-हिरवा भाग सूर्यापेक्षा जास्त असेल, तर प्लास्टिक घट उगाच सरस दिसतो. पडताळा सोपा होता: 650 पर्यंतचा सगळा सूर्यप्रकाश कामी आला, तरी प्रति चौरस सेंटीमीटर 14 मिलिअँपिअरच्या आसपासच मिळतात. त्याहून मोठा आकडा छापणाऱ्याला तिथेच अडवायला हवं होतं. 2008 च्या सुमारास नियतकालिकं संपादकीयांतून मोजणीची शिस्त मागू लागली. टिकाऊपणाच्या चाचण्यांची सामाईक पद्धत 2011 मध्ये ठरली. तोवर गुंतवणूकदारांपुढे फुगलेले आकडे गेलेले होते. 2012 मध्ये अमेरिकेतली या क्षेत्रातली एक अग्रणी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

फुलरीनला पर्याय 2015 नंतर रुजले. 2019 मध्ये 15.7 टक्के आणि पुढे 19 च्या वर आकडे गेले. ही खरी प्रगती आहे, मात्र बहुतेक विक्रम एक चौरस सेंटीमीटरहून लहान घटांचे आहेत. विदर्भात एप्रिल-मेमध्ये हवाच 45 अंशांवर जाते, पॅनल 65-70 वर. सिलिकॉन दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन गमावतं. प्लास्टिक घट त्यात बरा, त्याचं नुकसान कमी असतं. पण त्याच उष्णतेने मिश्रणातले रेणू हळूहळू पुन्हा गुठळ्या करतात, आणि मृगानंतर कडेने शिरलेली वाफ धातूच्या इलेक्ट्रोडचं ऑक्साइड करते. साध्या पॉलिएस्टर फिल्ममधून दिवसाला प्रति चौरस मीटर काही ग्रॅम पाणी जातं. या घटांना त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी चालतं. म्हणून विक्रमाच्या टक्क्याशेजारी घटाचं क्षेत्रफळ, चाचणीचं तापमान आणि मूळ उत्पादनाच्या 80 टक्क्यांवर यायला लागलेले तास, हे तीन आकडे छापलेले असायला हवेत.