शोधमार्ग (कमांड शेल)

शोधमार्ग : युनिक्स व लिनक्स प्रणालींत टंकलेल्या कमांडचा प्रोग्रॅम कोणत्या डिरेक्टरींत (फोल्डरांत) आणि कोणत्या क्रमाने शोधायचा, हे शेलला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगणारी यादी. ती ‘पाथ’ या व्हेरिएबलमध्ये (मूल्य साठवणाऱ्या नामांकित जागेत) असते व तिचे घटक अपूर्णविरामाने (:) वेगळे होतात. त्या नावाची जी फाइल आधी सापडेल ती चालते. म्हणून यादीचा क्रम हा विश्वासाचा क्रम ठरतो. नावातच तिरकी रेघ (/) असेल, तर शोध होत नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स प्रणालीत शोधनियम होते, म्हणून काहीजण मूळ तिथवर नेतात. युनिक्सचे एक जनक केन टॉम्पसन यांच्या १९७१ च्या सुमाराच्या शेलमध्ये शोधाच्या जागा प्रोग्रॅममध्येच पक्क्या केलेल्या होत्या. श्रेय बहुधा स्टीफन बोर्न यांच्या शेलला (युनिक्सची सातवी आवृत्ती, १९७९) दिले जाते. मात्र वापरकर्त्याला बदलता येणारा मार्ग जॉन मॅशी यांच्या शेलमध्ये सत्तरीच्या दशकाच्या मध्यासच दिसतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हा मार्ग चालू प्रोग्रॅमकडून त्याने सुरू केलेल्या प्रोग्रॅमकडे वारशाने जाणे, ही सातव्या आवृत्तीची देणगी होय.

सुरक्षेचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे रिकामा घटक. यादीच्या आरंभी किंवा शेवटी एकटा अपूर्णविराम आला, किंवा मध्ये दोन लागून आले, की तिथल्या रिक्त जागेचा अर्थ ‘चालू डिरेक्टरी’ असा होतो. टिंब लिहिल्यानेही तेच होते. युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉझिक्स मानकाने हा अर्थ केवळ जुना वारसा म्हणून ठेवला आहे. जुन्या मार्गाला एखादे व्हेरिएबल जोडताना ते रिकामे निघाले, तर शेवटी एकटा अपूर्णविराम उरतो आणि टिंब न लिहिताही दार उघडे राहते. मग कोणी सामाईक डिरेक्टरीत ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी नेहमीची कमांड) या नावाची फसवी फाइल ठेवली, तर तिथे गेलेल्या व्यवस्थापकाच्या अधिकाराने ती चालू शकते. टिंब शेवटी ठेवणे पुरेसे नाही. टंकनातील चूक नेमकी फसव्या नावाशी जुळू शकते. फाइली शोधणाऱ्या जीएनयू ‘फाइंड’ कमांडची ‘एक्झेकडिर’ ही सापडलेल्या फाइलीवर कमांड चालवणारी क्रिया तर असा मार्ग दिसताच काम नाकारते.

टिंबाची चर्चा फार होते, परवानग्यांची कमी. मार्गातील कोणतीही डिरेक्टरी, तसेच तिच्या वरच्या डिरेक्टरी, परक्याला लिहिता येत असतील तर संपूर्ण पत्ता देऊनही उपयोग नाही. दुसऱ्याच्या, बहुधा व्यवस्थापकाच्या, अधिकाराने कमांड चालवणाऱ्या ‘सुडो’मधील सुरक्षित मार्गाची सोय वापरकर्त्याचा मार्ग बाजूला ठेवते; तसेच विशेषाधिकाराने चालणाऱ्या स्क्रिप्टने (कमांडच्या फाइलीने) आपला मार्ग आरंभीच ठरवावा. घटकांची पुनरुक्ती धोकादायक नसते, पण शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल पुन्हा वाचली की पुनरुक्ती वाढते. झेडशेल या शेलमध्ये ती एका घोषणेने टाळता येते. प्रोग्रॅमची फाइल हलवल्यावर बॅश या शेलने लक्षात ठेवलेल्या जागांची स्मृती ‘हॅश’ कमांडने पुसावी लागते.

मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने (स्थापना १९८५, २००३ पासून प्रगत संगणन विकास केंद्राचा, म्हणजे सी-डॅकचा, भाग) भारतीय भाषांसाठी लिनक्सवर काम केले. पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्स व बॅशचे पाठ आहेत. प्रकल्पाचे पाठ मराठीतही ऐकता येतात. एकाच सर्व्हरवर अनेक विद्यार्थी बसणाऱ्या प्रयोगशाळेत सामाईक डिरेक्टरी आणि रिकामा घटक हेच आधी तपासावेत.